हमालाची पाठ आणि माझं इंग्रजी पत्र

परवा फोनवर तू नवी खुर्ची दाखवलीस. पाठीला जाळी, कोपर टेकायला दांडे, पायाखाली लहानसा पाट. तुमच्या ऑफिसनेच एक बाई पाठवली होती आणि तिने तुझ्या कंबरेपासून टेबलापर्यंतचं अंतर टेपने मोजलं, असं तू सांगितलंस. तुझा भाऊ मागून तुला म्हातारी म्हणून चिडवत होता. मी "छान आहे" म्हटलं आणि विषय बदलला. आजीला यात काही रस नाही, असं तुला वाटलं असेल. तसं नव्हतं. मला आपल्या मागच्या खोल्यांतला भाडेकरू आठवला आणि त्याच्या बाबतीत मी मागच्या उन्हाळ्यात जे केलं तेही आठवलं. तुम्हा दोघांना मी ते अजून सांगितलेलं नाही. फोनवर सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही आलात तेव्हा ज्या दोन खोल्यांत तुमच्या बॅगा ठेवल्या होत्या, तिथे आता तो, त्याची बायको आणि पाचवीतली मुलगी राहतात. तो टेंभुर्णीच्या पलीकडच्या एका लहान गावचा. वडिलांची मेंढरं होती. ती विकून थोडी जमीन घेतली, पण तेवढ्यात दोन भावांचं भागेना, म्हणून हा जालन्याला आला. वय चाळिशीच्या आतबाहेर. औद्योगिक वसाहतीत बियाण्यांच्या एका कारखान्यात तो अकरा वर्षं हमाली करत होता. जालन्याला लोक लोखंडाचं गाव समजतात, पण ते बियाण्यांचंही गाव आहे. पेरणीच्या आधी मका आणि सोयाबीन दुकानांत पोचायला हवं, म्हणून फेब्रुवारीपासून मे संपेपर्यंत या कारखान्यांत श्वास घ्यायला उसंत नसते.

त्याच्या मुलीला मी रोज संध्याकाळी तासभर इंग्रजी शिकवते. पैसे घेत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं त्यात या शिकवणीचा वाटा आहे.

मार्चमध्ये माझ्या लक्षात आलं, की तो पाण्याची बादली वेगळ्याच पद्धतीने उचलतो. वाकत नाही. आधी एक गुडघा जमिनीला टेकतो, मग दुसरा, बादली छातीशी धरतो आणि भिंतीला हात लावून उठतो. दुपारी सुट्टी असली की व्हरांड्यात फरशीवर पडतो आणि पाय बाजेवर ठेवतो. त्याची बायको तव्यावर रुईची पानं गरम करून त्याच्या कंबरेला बांधते.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"काही न्हाई बाई, उसण भरली थोडी."

"किती दिवस झाले?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "संक्रांतीपासून हाये मावशी. थोडी म्हणे!"

म्हणजे दोन महिने. मी त्याला माझ्या ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. फोटो काढला. मणक्यातली गादी सरकली आहे, सहा आठवडे पूर्ण विश्रांती, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तेच इंग्रजीत चिठ्ठीवर लिहिलं. रिक्षात मी त्याला ती चिठ्ठी मराठीत वाचून दाखवली. तो हसला.

"वजन उचलायचं न्हाई तर मंग हमालानं काय करायचं बाई? वजनाकडं बघत बसायचं का?"



त्याचं काम कसं चालतं हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. नंतर कळलं ते आधीच सांगते. त्यांची आठ जणांची टोळी. एकजण मुकादम, पण तोही बाकीच्यांबरोबर पोती उचलतोच. दोघे काट्यावर पोती भरतात. एकजण मशीनवर पोत्याचं तोंड शिवतो. दोघे शिवलेलं पोतं उचलून तिसऱ्याच्या पाठीवर देतात, आणि उरलेले ते वाहून नेऊन थप्पी लावतात, म्हणजे पोत्यावर पोतं रचत छतापर्यंत नेतात. पोतं पन्नास किलोचं. सगळ्यांत हलकं काम शिलाईचं, सगळ्यांत जड थप्पीचं.

मागच्या वर्षापासून गोदामाच्या भिंतीवर एक पांढरा बोर्ड लावला होता. दर तासाला सुपरवायझर त्यावर टोळीने किती पोती लावली तो आकडा लिहायचा. ठरल्यापेक्षा कमी असला तर लाल पेनने. भाडेकऱ्याने एकदा मला सांगितलं, "पोतं पाठीवर असतं तवर बरं असतं बाई. खाली ठेवलं की बोर्डाकडं नजर जाते. आपल्या एकट्यापायी आठ जणांचा आकडा लाल व्हायला नको."

"मग तू हे दोन महिने कसं काम करत राहिलास?" दवाखान्यातून घरी आल्यावर मी विचारलं.

"शिलाईवर हाये ना. मुकादमानं बसवलं मला तिकडं. माझ्या वाटची पोती बाकीचे घेतात."

मला ते ऐकून फार बरं वाटलं. आणि लगेच असंही वाटलं, की जे चांगलं चाललं आहे ते पक्कं करून घ्यायला हवं. शाळेत शिकवत असताना माझा नेहमीचा आग्रह असे: तोंडी कबूल केलेलं काही खरं नसतं, कागदावर यायला हवं. फी माफी असो की पोरींच्या शौचालयाचं दार, मी अर्ज केला, त्यावर आवक क्रमांक घेतला, पाठपुरावा केला, आणि बहुतेक वेळा काम झालं.

"तुझ्या कारखान्याच्या मॅनेजरना मी एक पत्र लिहिते," मी म्हटलं. "शिलाईचं काम कायम तुलाच द्या, अशी विनंती करते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडू."

"राहू द्या ना बाई, कशाला तुम्हाला तरास."

"त्रास कसला त्यात?"

"बरं, तुम्ही म्हणता तर लिहा मंग."

मी ही संमती समजले. लिहायला बसले. कच्चा मसुदा केला, मग पक्की प्रत, मग माझ्यासाठी एक नक्कल. तीन परिच्छेद. पहिल्यात तो कोण आणि किती वर्षं प्रामाणिकपणे काम करतो आहे. तिसऱ्यात विनंती. मधल्या परिच्छेदाचा मला विशेष अभिमान होता. त्यात लिहिलं होतं, की या कामगाराचे सहकारी माणुसकीने गेले दोन महिने त्याचा भार स्वतः वाहत आहेत आणि त्याला हलक्या जागी बसवत आहेत, तेव्हा कंपनीनेही हीच माणुसकी दाखवावी. दुसऱ्या दिवशी तो ते पाकीट शर्टाच्या खिशात ठेवून घेऊन गेला. आत काय आहे हे त्याला वाचता येत नव्हतं, आणि मीही वाचून दाखवलं नव्हतं. डॉक्टरांची चिठ्ठी मी त्याला शब्द न् शब्द मराठीत सांगितली होती. माझं स्वतःचं पत्र सांगायचं मला सुचलंही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरालाच तो परत आला. हातात डबा तसाच.

"गेटवर थांबवलं," तो म्हणाला. "डाक्टरचं फिट सर्टिफिकेट आणल्याबिगर आत घेणार न्हाईत म्हणे."

"पण मी तर शिलाईचं काम मागितलं होतं!"

"शिलाईला आता रोज येगळा माणूस. सायबानं कागद लावला भिंतीला. कोण कुठं उभं राहायचं ते त्याच्यावर. अदलाबदल करायची न्हाई."

त्याच्या आवाजात माझ्यावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. त्याची बायको मात्र दारात उभी होती. तिने मुलीला आत जायला सांगितलं आणि मग म्हणाली, "मावशी, एक डाव मला तरी इचारायचं व्हतं. ते तुम्हाला न्हाई म्हणलेच नसते. तुम्ही आमच्या लेकीला शिकवता. तुमच्या तोंडावर कसं न्हाई म्हणतील?"

नंतर आठवडाभर ती सकाळी दुधाची पिशवी माझ्या दारात ठेवायची, पण हाक मारायची नाही.

रविवारी मुकादम आला. साठीचा, बारीक चणीचा, पांढऱ्या मिशा, डोक्याला उपरणं. खुर्ची दिली तर पायरीवरच बसला.

"बाई, तुमचं विंग्रजी लई चांगलं हाये म्हणे," तो म्हणाला. "साहेबानं दोनदा वाचलं. मला बलावून म्हणाला, मुकादम, हे खरं का? आता काय सांगू? खोटं म्हणलो असतो तर तुम्ही खोट्या. खरं म्हणलो तर मी चोर."

"चोर कसे? तुम्ही चांगलंच करत होतात."

"तुमच्या हिशेबी. कंपनीच्या हिशेबी मी आजारी माणूस लपवून काम करून राह्यलो होतो." त्याने तळहातावर तंबाखू काढली, माझ्याकडे पाहिलं आणि परत पुडीत टाकली. "बाई, आठातला एक बी धड न्हाई. ह्याची पाठ, दुसऱ्याचा गुडघा, तिसऱ्याचा खांदा वर जात न्हाई. मी रोज सकाळी साडेसातला गेटपाशी उभा राहतो. कशाला? तर कोण गाडीवरून कसा उतरतो ते बघायला. पाय टाकून झटक्यात उतरला का गाडी धरून उतरला. तेवढ्यावरून मला कळतं आज कोणाला कुठं लावायचं. कोणाला इचारत न्हाई, कोणी सांगत न्हाई. इचारलं की माणूस म्हणतो, मी बराबर हाये. बघितलं की कळतं."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"साहेबाला बी माहीत नव्हतं, तवर ठीक होतं."

मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले. मॅनेजर तिशीतला, शेतकी पदवीधर, अतिशय नम्र. माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागला, पण मध्येच त्याचा फोन वाजला, मग दुसरा फोन वाजला, आणि नंतर तो मराठीतच बोलला. टेबलावर डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी अर्धी रिकामी होती. ट्रक उभे होते, परभणीचा माल अडकला होता, वरून कोणीतरी दर अर्ध्या तासाला आकडा मागत होतं.

"माझं पत्र मला परत द्या," मी म्हटलं.

"मॅडम, त्यावर आवक क्रमांक पडला. हेड ऑफिसला गेलं."

आवक क्रमांकापुढे मी काय बोलणार? आयुष्यभर मी तोच मागत आले होते.

"मला थोडंफार दिसत होतं," तो म्हणाला. "शिलाईवर रोज तोच माणूस. मी बोललो नाही. पण आता तुम्ही लेखी दिलंत. उद्या तो थप्पीवरून पडला, तर मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं?"

मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं. हे मी त्याला सांगितलं नाही, पण तुम्हाला सांगते.

सहा आठवडे तो घरी होता. एका अर्थी डॉक्टरांना हवं तेच झालं. पण ती विश्रांती नव्हती. सकाळी साडेसहाला उठून तो कामाचे कपडे घालायचा, दाढी करायचा आणि बाजेवर बसायचा. बायको त्याच कारखान्यात बियाणं निवडायच्या पट्ट्यावर कामाला होती. ती निघाली की तो फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा. टोळीने त्याच्या जागी नवा माणूस घेतला नव्हता. मुकादमाने सुपरवायझरला सांगितलं, की सात जण आठाचं काम ओढतील. आणि ते ओढत होते. ही बातमी ऐकली की तो पडून असला तरी उठून बसायचा. मला दिसत होतं, की पाठीपेक्षा हे त्याला जास्त छळतं आहे. हंगाम संपला की टोळीने आपल्याला धरून ठेवायचं काही कारण उरणार नाही, आणि टोळी गेली तर पाठ गेलेल्या हमालाला दुसरी टोळी घेणार नाही, हे त्याने मला एकदाच सांगितलं. ते सांगताना तो अंगणातल्या नळाकडे बघत होता.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं. पंधरा किलोच्या वर उचलायचं नाही, अशी ओळ त्यात होती. मी ती वाचून दाखवली. "ही ओळ काढायला सांगा ना बाई," असं तो म्हणेल अशी मला भीती होती. त्याने कागदाची घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत ठेवली.

त्या ओळीमुळे गेटवर त्याला पुन्हा परत पाठवलं, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात बियाण्यांचा हंगाम संपला. टोळी दरवर्षी अशा वेळी दुसरीकडे काम धरते. या वेळी मुकादमाने पशुखाद्याच्या एका नव्या कारखान्यात बोलणं केलं होतं. तिथे वर्षभर काम. फक्त प्रत्येकाने एक फॉर्म भरून द्यायचा, आणि तो इंग्रजीत. रविवारी सकाळी मुकादम सगळ्या टोळीला घेऊन आपल्या व्हरांड्यात आला.

"बाई, तुम्ही बिघडवलं, आता तुम्हीच भरा," तो म्हणाला. हे तो हसत म्हणाला. पण त्याच्या मागे उभा असलेला एक दणकट माणूस हसला नाही. तो गुडघ्याचा माणूस. भिंतीवर कागद लागल्यापासून त्याला जागा बदलून मिळाली नव्हती, दिवसांमागून दिवस थप्पी चढावी लागली होती.

"तुमच्या लेटरनं माझा गुडघा गेला बाई," तो म्हणाला. "पहिले नुस्ता वाजायचा. आता वाकत बी न्हाई."

मी माफी मागितली. शाळेत कोणी चुकलं की मी त्याला कारण विचारायची. या माणसाने कारण विचारलं नाही, म्हणून मला कारण सांगताही आलं नाही. तो "बरं" म्हणाला आणि चहाचा कप घेतला.

मी फॉर्म भरायला घेतले. नाव, गाव, वय, किती वर्षं अनुभव. सातवा रकाना शारीरिक तक्रारीचा होता. काही दुखणं असेल तर लिहा, आणि खाली सही. मी ते मराठीत वाचून दाखवलं.

"न्हाई लिहा," मुकादम म्हणाला. "सगळ्यांचं न्हाई."

मी पेन खाली ठेवलं. सातवा रकाना कोरा ठेवायला किंवा त्यात खोटं लिहायला माझा हात वळत नव्हता, पण खरं लिहिल्याचं काय होतं हेही मी पाहिलं होतं. म्हणून मी भाडेकऱ्याकडे पाहिलं आणि त्या मार्चमध्ये जे विचारायला हवं होतं ते विचारलं: "तुला काय लिहायला हवंय?"

बायको दारात होती, त्याने तिच्याकडे पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "खरं लिहा. पण माझ्या एकट्याचं नको. आठही जणांचं लिहा."

"येडा झाला का?" मुकादम म्हणाला. "आठही घरी बसू."

"एकट्याचं लिहिलं तर मी घरी बसतो मुकादम. न्हाई लिहिलं आन् उद्या थप्पीवर अडकलो तर आठही अडकू. तुम्ही तर रोज गेटवर उभं राहून बघता ना आम्ही कसे उतरतो. तेच लिहायचं."

"बघणं येगळं, लिहिणं येगळं. बाईंच्या लेटरचं काय झालं ते विसरला का?"

"त्या लेटरमध्ये मी एकटा होतो," तो म्हणाला.

तेवढ्यात गुडघ्याचा माणूस चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "लिहा बाई माझं. डावा गुडघा. लपवून काय मिळालं मला? साहेबाच्या कागदानं तर वर चढवलंच ना."

"माझा खांदा लिहा मंग," तिसरा म्हणाला. "उजवा. डोक्याच्या वर जात न्हाई. केस बी डाव्या हातानं विंचरतो."

"तरीच भांग तिरपा," कोणीतरी म्हणालं, आणि पहिल्यांदा सगळे हसले.

मग एकेक जण सांगू लागला. एकाच्या हाताला पहाटे मुंग्या येतात, बोटं झटकून झटकून जागी करावी लागतात. एकाला बियाण्याला लावतात त्या गुलाबी पावडरीने खोकला धरला होता. एकाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुकादमाच्या कानात सांगितलं, आणि मुकादम म्हणाला, "बाई, ह्याचं दवाखान्यातलं लिहा. आंत उतरतं त्याचं." मी हर्निया लिहिलं, आणि तो माणूस लाजून अंगणात जाऊन उभा राहिला. एकाच्या पोटात जळजळ, ती फक्त कामाच्या दिवशी. रविवारी नाही. "आज रविवार हाये म्हणून चहा पितो बाई, न्हाई तर चहा बी चालत न्हाई," असं तो म्हणाला, आणि तेही मी लिहिलं. इतक्या वर्षांत पोरांचे निबंध तपासताना मी इतक्या काळजीने शब्द निवडले नसतील. प्रत्येक वाक्य लिहून झालं की ते मराठीत वाचून दाखवायचं आणि "असंच ना?" असं विचारायचं, हे मी त्या दिवशी केलं. कोणी "हो" म्हणायचं, कोणी दुरुस्त करायचं. भाडेकऱ्याच्या फॉर्मवर मी पंधरा किलोची ओळही लिहिली. त्याने ती दोनदा वाचायला लावली आणि मग सही केली.

मुकादमाचा फॉर्म शेवटी उरला.

"तुमचं?"

"माझं काही न्हाई."

"मुकादम, आम्ही सगळं सांगितलं आन् तुम्ही सोताचं झाकता?" गुडघ्याचा माणूस म्हणाला.

मुकादमाने उपरणं काढून मांडीवर ठेवलं. "मला दुखत काही न्हाई बाई. मला झोप येत न्हाई. त्या बोर्डाच्या वर्षापासून. डोळा लागला की आकडा दिसतो. लाल. हे बसतं का तुमच्या रकान्यात?"

"बसतं," मी म्हटलं, आणि लिहिलं.

सोमवारी तो सगळे फॉर्म घेऊन गेला. संध्याकाळी भाडेकऱ्याने येऊन सांगितलं, की तिथल्या बाबूने फॉर्म चाळले आणि मुकादमाला विचारलं, "काय हो, ही सगळी माणसं आजारीच आहेत का?"

मुकादम म्हणाला, "न्हाई साहेब, सगळे हमाल हायेत."

बाबूने "कळवतो" म्हटलं. ते चार दिवस फार लांब गेले. आठ घरांचा प्रश्न होता, आणि या वेळी लिहिणारी जरी मीच असले तरी ठरवणारे ते होते, एवढंच समाधान. भाडेकऱ्याची बायको आता दुधाची पिशवी देताना हाक मारत होती. मुलीचा धडा चालू असताना तिचा बाप दाराशी येऊन उभा राहायचा आणि निघून जायचा.

शुक्रवारी दुपारी बायको फाटकातूनच ओरडत आली. "बलावले मावशी! आठही बलावले!" महिनाभर बघू, मग पक्कं करू, असं तिथे सांगितलं होतं. शिवाय पाठीच्या माणसाला शिलाईवर ठेवायला त्यांची हरकत नव्हती. त्यांना शिलाईला सावध माणूस हवाच होता. पंधरा किलोची ओळ कोणी वाचली की आठ फॉर्मांच्या गठ्ठ्यात तीही खपून गेली, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. महिना होऊन गेला. ते अजून तिथेच आहेत.

त्याची पाठ बरी झालेली नाही. डॉक्टर म्हणतात, होईल तेवढीच होणार. तिथे बोर्ड नाही, पण आता मोबाईलवर आकडा येतो, असं मुकादम म्हणाला. झोपेचं विचारलं तर हात हलवून पुढे गेला.

त्या शुक्रवारी बायकोने साखर घालून शेवया केल्या आणि वाटी घेऊन माझ्याकडे आली. मी खात असताना टेबलावरच्या माझ्या वह्या, पाकिटं आणि पेनं बघत उभी राहिली.

"मावशी, यापुढं आमच्यासाठी काही लिहायचं झालं," ती म्हणाली, "तर लिहायच्या आधी मला बलवा. मी न्हाई म्हणायला शिकते. तुम्ही लेकीला विंग्रजी शिकवा, मी तुम्हाला न्हाई ऐकायला शिकवते."